मूलपेशींच्या नावावर काय विकले जात आहे, ते आपणच सांगा : पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांना खुले पत्र

प्रति,
संचालक, शास्त्रज्ञ आणि संशोधक विद्यार्थी,
राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, पुणे, आघारकर संशोधन संस्था, पुणे, भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (आयसर), पुणे, आणि राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था, परळ, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि नाशिकमध्ये विशेष मुलांच्या एका केंद्रात काम करते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर परिणाम होणे), ऑटिझम, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू क्षीण होत जाणारा आजार) अशी निदाने झालेली मुले आणि त्यांचे आईवडील यांच्यातच माझा दिवस जातो. गेली काही वर्षे या पालकांचा एक प्रश्न वारंवार कानावर येतो : "मॅडम, स्टेम सेल करून घ्यावे का?" तो कुतूहलापोटी विचारलेला नसतो. विचारणाऱ्याने बहुधा पतसंस्थेत कर्जाची चौकशी केलेली असते, कुठे आईचे दागिने मोडायचे ठरलेले असते, तर कुठे द्राक्षबागेचा तुकडा विकण्याची बोलणी सुरू झालेली असतात. माझ्या उत्तराने निर्णय फिरत नाही, कारण मी मूलपेशींची, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडू शकतात त्या स्टेम सेलची, तज्ज्ञ नाही आणि हे पालकांनाही ठाऊक असते. ज्यांच्या शब्दाला या बाबतीत वजन आहे अशी माणसे आपल्या संस्थांमध्ये आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला.

आपल्यापैकी कोणतीही संस्था ही इंजेक्शने देत नाही, हे मला माहीत आहे. परंतु ती देणारे जी भाषा वापरतात, ती आपल्या प्रयोगशाळांतून उचललेली असते. एका वडिलांनी मला दाखवलेली एका खासगी दवाखान्याची फाइल अजून डोळ्यांसमोर आहे. गुळगुळीत मुखपृष्ठावर सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या हिरव्या-जांभळ्या पेशींचे छायाचित्र होते, त्याखाली 'पुनर्निर्मितीचे विज्ञान' असे लिहिले होते, आणि आत पानेच्या पाने इंग्रजी संमतीपत्र होते, ज्याच्या प्रत्येक पानाच्या तळाशी त्या शेतकरी गृहस्थाची मराठी सही होती. प्रत्यक्ष उपचार असा : सकाळी मुलाच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढायची, ती यंत्रात फिरवून काही पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी पाठीच्या कण्यातून, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडायच्या. "या पेशी मेंदूत जिथे बिघाड आहे तिथे आपोआप जातात," असे त्या वडिलांना सांगण्यात आले होते. अशा मिश्रणात मूलपेशी अत्यंत थोड्या असतात आणि ज्या असतात त्या प्रामुख्याने रक्त तयार करणाऱ्या असतात, ही गोष्ट त्या फाइलमध्ये कुठेही नव्हती.

इंजेक्शननंतरचा भाग माझ्या विषयातला आहे, म्हणून त्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकते. पेशी सोडून झाल्यावर पुढचे काही दिवस मुलाला सकाळ-संध्याकाळ फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि वाचाउपचार दिले जातात. घरी जाताना व्यायामाचा तक्ता दिला जातो आणि तो पाळला नाही तर पेशींचा गुण येणार नाही, अशी ताकीदही दिली जाते. लाखांच्या घरात पैसे मोजलेले आईवडील तो तक्ता जिवापाड पाळतात. मूल काही महिन्यांत जास्त वेळ बसू लागते, मान धरू लागते, आणि त्याचे श्रेय इंजेक्शनला जाते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची हालचालींची क्षमता लहान वयात, साधारण पाचव्या वर्षापर्यंत, वाढतच असते. नियमित व्यायामाने ती अधिक चांगली वाढते. इंजेक्शनच्या आधी आणि नंतर काढलेले व्हिडिओ शेजारी शेजारी लावले, की वाढीचा आणि व्यायामाचा परिणाम पेशींच्या नावावर जमा करणे सोपे जाते. तुलनेसाठी इंजेक्शन न मिळालेला, पण तेवढाच व्यायाम केलेला मुलांचा गट त्या व्हिडिओत कधीच नसतो. (आमच्या केंद्रात महिन्याची फी थकवणारे पालकही तिकडे आगाऊ पैसे भरतात, याचे वाईट वाटते हे लपवत नाही, पण हे पत्र त्या वाईट वाटण्यातून लिहिलेले नाही.)

कायद्याची बाजू आपल्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे, त्यामुळे ती थोडक्यात मांडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली काढलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा रुग्णांवर होणारा वापर हा संशोधनच समजायचा आहे. तो केवळ मान्यताप्राप्त चाचणीत करता येतो आणि चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्वतंत्रपणे सांगितले. इतके सगळे असूनही पालकांपर्यंत यातले काय पोहोचते? हे दस्तऐवज इंग्रजीत, संकेतस्थळाच्या कोपऱ्यात पडून असतात. दवाखान्याचा माणूस मात्र मराठीत, व्हॉट्सॲपवर, रात्री दहालाही उत्तर देतो. भरीला चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला एखादा क्रमांक दाखवून "हे सरकारमान्य आहे" असे सांगितले जाते. नोंदवहीत नोंद होणे म्हणजे औषध नियंत्रकाची मान्यता मिळणे नव्हे, हा फरक नाशिकच्या पालकाने कुठून ओळखावा?

माझ्या मते कायद्याने झाले नाही ते काम आपले विज्ञान करू शकते. पालकाला "बंदी आहे" असे सांगितले की तो विचारतो, "मग गुण आलेली माणसे कशी?" "पेशी अशी वागत नाही आणि ती का वागत नाही, ते पाहा" असे दाखवले तर मात्र तो थांबून ऐकतो. हे दाखवण्याची सामग्री आपल्या संस्थांइतकी दुसऱ्या कोणाकडे असेल असे वाटत नाही. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, एडिंबरा येथे भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरील प्रयोगांची परंपरा रुजवली, त्याला आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. एका संस्थेत असा भ्रूण मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे. उबवणीच्या दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस पिवळ्या बलकावर बोटाच्या पेराहूनही लहान, पारदर्शक आकार असतो. त्यात मणक्यांची पूर्वरूपे असलेले चौकोनी ठोकळे ओळीने मांडल्यासारखे दिसतात आणि मधोमध वाकडी झालेली एक नळी ठोके देत असते. रक्त नीट वाहू लागण्याच्या आतच हृदयाचे काम सुरू झालेले असते. त्या ताटलीसमोर मला कळले, की पेशीने काय व्हायचे हे तिच्या एकटीच्या मनावर नसते. ती कुठे आहे, तिचे शेजारी कोण आहेत आणि भ्रूणाचे वय किती तास आहे, यावर ते ठरते.

हे आपल्यासाठी पहिल्या धड्यातले आहे. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हिल्डे मॅन्गोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी न्यूट या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या भ्रूणातला एक छोटा भाग दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला, तेव्हा तिथे दुसरा कणा आणि दुसरी मज्जारज्जूची नळी तयार झाली, आणि त्यातला बराचसा भाग यजमान भ्रूणाच्याच पेशींचा होता; शेजाऱ्याच्या संदेशाने त्यांचे भवितव्य बदलले होते. कोंबडीच्या भ्रूणातही अशी एक गाठ असते, आणि तीच गाठ काही तास उशिरा काढली तर तिचे सामर्थ्य घटलेले असते. आघारकर संस्थेत वर्षानुवर्षे वाढवला जाणारा हायड्रा हा गोड्या पाण्यातला चिमुकला जीव तर पुण्याचे नाव लावतो, कारण त्याच्या त्या वाणाला 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' असेच म्हटले जाते. त्याच्या तोंडाजवळचा बारीक तुकडा दुसऱ्या हायड्राच्या अंगावर लावला की तिथे नवे डोके फुटते. शरीराचा नकाशा पेशी एकमेकींशी बोलून आखतात, याहून सोपे प्रात्यक्षिक मी तरी पाहिलेले नाही.

आता हे ज्ञान त्या इंजेक्शनशेजारी ठेवून पाहा. गर्भात मेंदूच्या पेशी आतल्या पोकळीलगत जन्मतात, ठरलेल्या आठवड्यांत ठरलेल्या वाटांनी बाहेरच्या थरांकडे सरकतात आणि तिथे पोहोचल्यावर एकमेकींशी जोडल्या जातात. त्या वाटा, ते संदेश आणि ती वेळ चार वर्षांच्या मुलाच्या मेंदूत शिल्लक नसतात. कमरेच्या हाडातून आलेली, रक्त तयार करण्याच्या कामाला लागलेली पेशी मणक्यातल्या द्रवात सोडल्यावर तिला मेंदूची पेशी व्हायला कोणी सांगायचे? २००० सालच्या आसपास अस्थिमज्जेच्या पेशी मेंदूच्या किंवा यकृताच्या पेशी बनतात, असे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते आणि तेव्हाची उमेद खरी होती. पण पुढच्या काही वर्षांत, यांतील बऱ्याच उदाहरणांत आलेली पेशी आधीच्या पेशीत मिसळून गेली होती, नवी पेशी घडलीच नव्हती, असे निष्पन्न झाले. आशा वाटली, तपासली आणि दुरुस्त केली, हा प्रवास आपल्या क्षेत्राने प्रामाणिकपणे केला. दवाखान्यांच्या पुस्तिका मात्र तपासण्याआधीच्या पानावर थांबल्या आहेत.

मूलपेशींनी माणसे बरी झालीच नाहीत, असे मी पालकांना सांगत नाही आणि आपणही सांगू नये. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले, आणि आज थॅलेसेमियाच्या किंवा रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना हा उपचार जीवदान देतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत रसायनाने भाजलेल्या डोळ्यांवर, बुबुळाच्या कडेला असणाऱ्या मूलपेशी वाढवून बसवल्या जातात. या दोन्ही ठिकाणी यशाचे कारण एकच दिसते. रक्ताची मूलपेशी मज्जेत परत जाते आणि बुबुळाच्या कडेची पेशी बुबुळावरच बसते; जे काम तिला मुळातच येते, तेच तिच्याकडून करून घेतले जाते. एवढे एक वाक्य एखाद्या शास्त्रज्ञाच्या तोंडून पालकांनी ऐकले, तर फाइलमधली निम्मी पाने गळून पडतील, असा माझा अनुभव सांगतो.

जिथे चित्र अजून स्पष्ट नाही, तिथेही स्पष्ट बोलण्याची गरज आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने ऑटिझमच्या १८० मुलांवर नाळेतील रक्ताची नियंत्रित चाचणी केली आणि २०२० साली जाहीर केले, की मुख्य कसोटीवर उपचार उतरला नाही. सेरेब्रल पाल्सीत मात्र नाळेतील रक्ताच्या चाचण्यांमधून काही मुलांमध्ये थोडी सुधारणा दिसल्याचे अहवाल आहेत, आणि ते दडवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हे अहवाल चाचणीतले आहेत, ठरावीक मात्रेचे आहेत, आणि ते कमरेच्या हाडातून त्याच दिवशी काढलेल्या मिश्रणाला लागू होत नाहीत, हेही त्याच दमात सांगायला हवे. इतके बारकावे मी सांगू लागले की पालक गोंधळतात, आणि त्यांना गोंधळात टाकण्याचा आरोप माझ्यावर येतो. आपल्या संस्थेच्या शीर्षपत्रावर हे दोन परिच्छेदांत छापलेले असेल, तर तो कागद मी नुसता पुढे करू शकेन.

"आम्ही मूलभूत संशोधक आहोत, रुग्णांना सल्ला देणे आमच्या कक्षेत नाही" असे उत्तर मला याआधी मिळाले आहे आणि त्यामागची भीती मी समजू शकते. पण जपानमधल्या कोबे येथील रिकेन संस्थेच्या विकासात्मक जीवशास्त्र केंद्राचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. २०१४ च्या सप्टेंबरात तिथल्या मासायो ताकाहाशी यांच्या गटाने, सत्तरीतल्या एका महिलेच्या त्वचेपासून बनवलेल्या प्रेरित मूलपेशींतून (म्हणजे प्रौढ पेशींना मागे नेऊन तयार केलेल्या मूलपेशींतून) दृष्टिपटलामागचा थर वाढवला आणि तो तिच्या डोळ्यात बसवण्यात आला. दुसऱ्या रुग्णासाठी पेशी तयार असताना त्यांच्यात जनुकीय बदल आढळले, आणि ते प्रत्यारोपण केले गेले नाही. थांबल्याची गोष्ट आणि थांबण्याचे कारण, दोन्ही जगासमोर मांडली गेली. हे केंद्रही मुळात भ्रूणाच्या वाढीचा अभ्यास करणारेच होते. त्याच केंद्राला त्याच वर्षी, आम्लाने पेशींना मूलपेशी बनवल्याचा दावा करणारे शोधनिबंध मागे घेण्याची नामुष्कीही सोसावी लागली आणि केंद्राचा आकार कमी करण्यात आला. या क्षेत्रात विश्वास किती पटकन तुटतो हे त्यातून दिसते. इथे मूलपेशींच्या नावावर फसलेला पालक उद्या आपल्या खऱ्या चाचणीसाठी मुलाला पाठवेल, असे मला वाटत नाही.

शिवाय आपल्या कक्षेचा प्रश्न इतका सरळही नाही. परळच्या संस्थेने मानवी भ्रूणाच्या मूलपेशींच्या 'किंड-१' आणि 'किंड-२' या रेषा, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवता येणारे पेशींचे वंश, तयार केल्या. गणेशखिंडीतले पेशीविज्ञान केंद्र रक्ताच्या मूलपेशी गोठवून टिकवण्यावर आणि वाढवण्यावर काम करत आले आहे, आणि देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते. आघारकर संस्थेत झेब्राफिश आपले हृदय पुन्हा कसे घडवतो, याचा शोध घेतला जातो. हे सगळे काम सरकारच्या, म्हणजे त्या द्राक्षबागायतदारानेही दिलेल्या करांच्या, पैशांवर चालते. मासा हृदय दुरुस्त करतो आणि माणूस का करत नाही, हे आपण शोधत आहात. तेवढाच, "माणूस अजून करत नाही" हा भाग, आपण मराठीत सांगावा एवढीच अपेक्षा आहे.

माझ्या मागण्या मर्यादित आहेत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी संयुक्त निवेदनाची आहे : सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, ड्युशेन, मणक्याची इजा आणि मधुमेह यांपैकी प्रत्येकासाठी आज कोणता मूलपेशी उपचार सिद्ध आहे, कोणता चाचणीत आहे आणि कोणता निराधार आहे, हे चारही संस्थांच्या सहीने, दोन पानांत, मराठीत यावे आणि दरवर्षी तपासून नवे करावे. त्यात वैद्यकीय सल्ला असण्याची गरज नाही. पुराव्याची स्थिती असली तरी पुरे. खासगी पेढ्यांत बाळाच्या नाळेतील रक्त केवळ त्याच बाळासाठी साठवण्याची शिफारस आयुर्विज्ञान संशोधन परिषद का करत नाही, याच्याही चार ओळी त्यात असाव्यात, कारण प्रसूतिगृहात हप्त्यांची कागदपत्रे पुढे येतात तेव्हा आईला विचार करायला उसंत नसते. दुसरी मागणी वेळेची आहे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, एखादा संशोधक विद्यार्थी फोनवर किंवा ऑनलाइन उपलब्ध असावा, जो पालकाने पाठवलेला चाचणीचा नोंदणी क्रमांक त्याच्यासमोर उघडून, त्यात काय लिहिले आहे ते वाचून दाखवील. हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या कामाच्या नोंदीत त्याचे श्रेय मिळावे, नाहीतर दोन महिन्यांत ते बंद पडेल.

विज्ञान दिनाला आपण शाळकरी मुलांना हायड्रा आणि भ्रूण दाखवता, ते चांगलेच आहे. त्यातला अर्धा दिवस फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्यांसाठी राखून ठेवावा. पालक निर्णय घेण्याआधी आमच्याशी बोलतात, आणि आमच्यापैकी अनेकांनी पेशी शेवटची पाहिली ती महाविद्यालयात, रंगवलेल्या काचपट्टीवर. आणखी एक गोष्ट, जी लिहिताना जरा संकोच वाटतो : असे उपचार विकणाऱ्यांनी भरवलेल्या परिषदांना आपल्यापैकी कोणी व्याख्याता म्हणून जाणार नाही, असा लेखी नियम संस्थांनी करावा. व्यासपीठावरचे व्याख्यान शुद्ध विज्ञानाचे असले, तरी त्याचे छायाचित्र पुढच्या पुस्तिकेत कोणत्या पानावर छापले जाईल, हे व्याख्यात्याच्या हातात राहत नाही.

पालकांनी आम्हाला विचारलेले प्रश्न, त्यांची नावे वगळून, आमच्या केंद्राने एका वहीत उतरवून ठेवले आहेत. त्यांत "पेशी शिळ्या होतात का?" यापासून "धाकट्या भावाच्या पेशी चालतील का?" इथपर्यंत सगळे आहे. निवेदनाचा मसुदा करताना त्यांचा उपयोग होईल, म्हणून त्या वहीची प्रत या पत्रासोबत चारही संस्थांच्या कार्यालयांकडे टपालाने पाठवत आहे. मसुदा सोप्या मराठीत आणण्यासाठी मदत लागली, तर आमच्या केंद्रातले सहकारी आणि मी स्वतः पुण्याला यायला तयार आहोत. रविवारखेरीज कोणताही दिवस चालेल, कारण रविवारी लांबच्या गावांतली मुले आमच्याकडे येतात.

आपली विश्वासू,
विशेष मुलांसोबत काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट,
नाशिक